कराड ते कवलापूर, हवेतून

आक्का, माझी थोरली बहीण, गेली तेव्हा मी पलूसच्या स्टँडवर होतो. एसटी थांबली होती, ड्रायव्हर चहाला उतरला होता. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन आक्काच्या सुनेचा, शैलाचा होता. ती म्हणाली, "मामा, आत्याबाई गेल्या." मी "बरं" म्हणालो. मग ड्रायव्हर आला आणि एसटी निघाली.

नोकरीतल्या आठवणी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, त्याला आता पाच महिने झाले. मी हळू लिहितो. शिवाय नोकरीतली म्हणून जी आठवण उचलावी, तिच्या दुसऱ्या टोकाला कवलापूर येतं आणि कवलापूरला आक्का. त्यामुळे दोन्ही एकत्रच लिहितो.

कराडच्या धावपट्टीवर वैमानिक शिकवण्याचं एक लहान केंद्र होतं. तिथं ऑपरेशन्सच्या खोलीत मी नोकरी केली. मी विमान चालवलं नाही. माझं काम टेबलावरचं. सकाळी हवामान घ्यायचं, कोणता विद्यार्थी कुठं जाणार त्याचा आराखडा तपासायचा, टाकीत तेल किती ते पाहायचं, विमान निघालं की वेळ लिहायची, परत आलं की वेळ लिहायची. मधल्या काळात रेडिओपाशी बसायचं आणि खिडकीतून वाऱ्याची पिशवी कुठं वळते ते बघायचं. तीस वर्षं मी ती पिशवी बघितली. अजूनही कुठं दोरीवर शर्ट वाळत असला की वाऱ्याची दिशा आपोआप मनात येते.

लोकांना या कामाचं कुतूहल फार. फाटकाशी कोणी ना कोणी उभं असायचंच. तासगावकडचे एक बागायतदार एकदा द्राक्षांची पेटी घेऊन आले. पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचं इमान माज्या बेदाण्याच्या शेडवरनं जातंय. जरा बाजूनं न्या की. धुरळा बसतोय मालावर."

मी म्हणालो, "तीन हजार फुटांवरून जातं ते. त्याचा धुरळा खाली कसा येईल?"

"मंग कशाचा येतोय?"

"रस्त्याचा असेल."

"रस्ता काय द्राक्षं घिऊन हलिवता येतोय व्हय? इमान हलतंय, म्हनून आलो."

पेटी ते ठेवूनच गेले. त्यांच्या शेडवरून आम्ही विमान हलवलं नाही, कारण ती शेड आमच्या कामाची होती. तासगाव भागात बेदाणा वाळवायच्या दिवसांत हिरव्या जाळीची लांब लांब शेड उभ्या असतात. वरून त्या एकापाशी एक मांडलेल्या चटयांसारख्या दिसतात, असं वैमानिक सांगायचे. नव्या विद्यार्थ्याला मी सांगत असे, सागरेश्वरचा डोंगर उजव्या हाताला टाका, पुढे हिरव्या चटया दिसल्या की तासगाव आलं, तिथून नाक थोडं दक्षिणेला वळवा, म्हणजे कवलापूर.

माझ्या गावचे, उंब्रजचे, एक निवृत्त सुभेदार होते. तेही एकदा आले.

"आवं सदाशिवराव, साताऱ्यास्नं सांगलीला इमानानं किती येळ लागंल?"

"सुभेदार, साताऱ्याला विमानतळ नाही."

"बरं, कराडास्नं?"

"बावीस मिनिटं."

"आन् उतरायचं कुटं?"

"सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे. पण तिथं कोणी उतरत नाही आता. शेळ्या चरतात."

"मंग बावीस मिनिटं मोजताय कशाला?"

मी हसलो. त्यांना चहा दिला.

हे बावीस मिनिटांचं गणित सोपं आहे. नकाशावर पट्टी ठेवली की कराडपासून कवलापूर पस्तीस सागरी मैल भरतं, म्हणजे साधारण पासष्ट किलोमीटर. आमचं लहान विमान तासाला पंच्याण्णव मैल जातं. भागाकार केला की बावीस. पण विमान हवेत चालतं, आणि हवा स्वतः कुठंतरी निघालेली असते. कृष्णेत पोहणाऱ्याला जसं पाणी नेतं तसं वारा विमानाला नेतो. वारा पाठीशी असला तर एकोणीस मिनिटं, तोंडावर असला तर सव्वीस. जमिनीवरचा वारा मला पिशवी सांगे. तीन हजार फुटांवरचा वारा सांगणारं माझ्याजवळ कोणी नव्हतं. त्यात सागरेश्वरचा डोंगर आड आला की रेडिओवर नुसती खरखर येई. कवलापूरला वळसा घालून विमान परत अलीकडे येईपर्यंत ते कुठं आहे हे मला कळत नसे.

आक्का कवलापूरला राहायची. धावपट्टीच्या कुंपणापासून तिचं घर दोन शेतं अलीकडे. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं मला सासरी नेलं, आणि सांगलीच्या कॉलेजात मी तिच्या घरून सायकलवर गेलो. अभ्यासाला मी तिच्या माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, बसायचो. समोर ती रिकामी धावपट्टी उन्हात पडलेली असायची. पावसाळ्यानंतर तिच्या भेगांतून गवत यायचं आणि लांबून वाटायचं की कोणीतरी जमिनीवर रेघोट्या ओढल्यात. त्या पट्टीवर विमान उतरताना मी कधी पाहिलं नाही. पुस्तक मांडीवर तसंच राहायचं आणि मी तिथं न उतरणाऱ्या विमानांकडे बघत बसायचो. या नोकरीची सुरुवात तिथं झाली असावी.

तर एके दिवशी मी आक्काला फोन केला. म्हणालो, "आक्का, एक विमान निघालंय. वीस-पंचवीस मिनिटांनी तुझ्या डोक्यावर येईल. दिसलं की सांग."

चोवीस मिनिटांनी फोन वाजला. "गेलं बघ तुजं इमान. लय बारकं हाय रं. आत मानूस मावतंय व्हय?"

मी कागदावर लिहिलं, चोवीस. म्हणजे वारा तोंडावर. पुढच्या विद्यार्थ्याला मी दोन मिनिटं जास्त धरायला सांगितलं, आणि त्याचं गणित बरोबर आलं.

त्या दिवसापासून ती आमची रीत झाली. कवलापूरकडे विमान निघालं की मी फोन करायचो आणि म्हणायचो, "निघालं." ती म्हणायची, "बरं." मग हातातलं काम ठेवून अंगणात यायची. विमान गेलं की तिचा फोन, "गेलं." त्याला जोडून एखादं वाक्य असायचं. "ढग न्हाईत पर धुरळा हाय." "आज लय वरनं गेलं." "जेवलास का?" सरकारी नोंदवहीत यातलं काही नव्हतं. ते माझ्या खिशातल्या वहीत होतं. आमचे मुख्य शिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. त्यांना हे माहीत होतं. फोन यायला उशीर झाला की ते दारातून डोकावायचे. "काय सदाशिव, तुमचं रडार भाकरी करतंय का?" विद्यार्थी तर रेडिओवर कवलापूर म्हणायचेच नाहीत. "आक्का ओलांडली," असं म्हणायचे.

एका भाऊबीजेला मला रजा मिळाली नाही. सर स्वतः विमान घेऊन कवलापूरला गेले आणि तिच्या घरावर पंख डावे-उजवे हलवून आले. त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. आक्काचा फोन आला तेव्हा ती हसत होती.

"सदा, इमान नाचलं रं माज्या दारात! मी ताट घिऊन आले भाईर, पर इमानाला ववाळायचं कसं?"

"मग काय केलंस?"

"केलं वर ताट, आन् वाऱ्यानं इजला की दिवा."

मला त्या दिवशी भाऊबीज झाल्यासारखं वाटलं. आणि इथंच माझी चूक आहे. माझ्या हिशेबात आक्का बावीस मिनिटांवर राहायची. दिवसातून एकदा-दोनदा तिच्या अंगणावरून माझं काहीतरी जात होतं आणि ती मान वर करत होती. इतक्या जवळच्या माणसाकडे वेगळं कशाला जायचं? उंब्रजहून कराड, तिथून तासगाव, तिथून कवलापूर, तीन गाड्या बदलून साडेतीन तास लागतात, हे मला ठाऊक होतं. पण ते अंतर मी मोजतच नसे. वर्षातून दोनदा जायचो, कधी एकदाच. आमच्या धंद्यातल्या माणसाशिवाय ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

आता समीनाबद्दल लिहितो.

समीना इस्लामपूरच्या एका गॅरेजवाल्याची मुलगी. अंगानं लहान, बोलायला कमी, नकाशा मात्र पाठ. माघातल्या एका सकाळी ती पहिल्यांदा एकटी कवलापूरला निघाली. ऊसतोडीचे दिवस होते. कुठंतरी पाचट पेटवलेलं असणार. क्षितिजावर धुराचा पांढुरका थर होता, पण विमान उडवू नये इतका नव्हता. मी आक्काला "निघालं" म्हणालो. बरोबर बावीस मिनिटांनी तिचा फोन आला. "गेलं."

मी लिहिलं, बावीस. वारा नाही. समीना वेळेवर आहे.

पंचेचाळीस मिनिटं झाली. ती दिसायला हवी होती. पन्नास झाली. मी रेडिओवर हाका मारल्या. खरखर. सर येऊन माझ्यामागं उभे राहिले. त्यांनी फक्त विचारलं, "कवलापूर ओलांडलं?"

"ओलांडलं, सर. फोन आलाय."

"नक्की?"

"नक्की."

मग सरांनी दुसरं विमान काढलं आणि कवलापूरहून परतीच्या वाटेवर शोध सुरू केला. मी त्या पट्ट्यातल्या पोलीस ठाण्यांना फोन लावले. टाकीत तेल किती तासांचं आहे ते माझ्या समोरच्या कागदावर लिहिलेलं होतं, आणि मी दर थोड्या वेळानं त्यातून वेळ वजा करत होतो. समीनाचे वडील फाटकाशी येऊन बसले. हाताला ग्रीस तसंच होतं. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो आणि दोनदा दुसरीकडे पाहिलं.

तेल संपायची वेळ होऊन गेली, आणि त्यानंतर तासाभरानं फोन आला. खानापूरच्या माळावरून, एका मेंढपाळाचा. तिथं रेंज नव्हती, म्हणून तो समीनानं दिलेला आमचा नंबर आणि तिचा निरोप घेऊन टेकडी चढून गेला होता. धुरात तिला सागरेश्वरचा डोंगर दिसलाच नव्हता. ती वाट सोडून उत्तरेला सरकली, खूप वेळ चटया शोधत फिरली, आणि शेवटी माळावर विमान टेकवलं. पुढचं चाक मोडलं. तिचा हात मोडला. ती तासगावलाही पोहोचली नव्हती, कवलापूर तर लांबच. आम्ही सगळा वेळ तिला चुकीच्या बाजूला शोधत होतो आणि ती मोडका हात घेऊन उन्हात बसली होती.

मी आक्काला फोन केला.

"आक्का, सकाळी विमान बघितलंस का तू?"

"तू जेवलास का?" ती म्हणाली.

"आक्का, बघितलंस का?"

"न्हाई."

"मग गेलं म्हणून कसं सांगितलंस?"

"रोज जातंय की रं. मला साल झालं, वरचं दिसत न्हाई. आवाज आला तर आवाजावर सांगते. न्हाई आला तर घड्याळाकडं बघून सांगते. काटं मोटं हायेत, त्येवढं दिसतंय."

"दिसत नाही तर सांगायचं नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तू फोन बंद केला असतास."

फाटकाशी बसलेल्या त्या माणसाचे हात माझ्या डोळ्यांपुढे होते. मी म्हणालो, "बंदच करतो. ही काय भातुकली आहे? यापुढं मला विमानासाठी फोन करू नकोस."

आक्का म्हणाली, "बरं."

निघालं म्हटल्यावर ती म्हणायची, अगदी तसंच.

चौकशी झाली. मी माझी खिशातली वही सरांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. चूक माझीच होती. न पाहिलेल्या गोष्टीला मी "नक्की" म्हणालो होतो. आक्काला तर तिच्या फोनवर काय अवलंबून आहे हे मी कधी सांगितलंच नव्हतं. ती समजत होती, भाऊ आपली चौकशी करतो. आणि एका अर्थी तेही खरं होतं.

समीनाचा हात बरा झाला. पुन्हा उडायला लागल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "काका, आक्कांना रागावू नका. वर गेल्यावर मलासुद्धा तेच दिसत होतं, जे दिसायला पाहिजे होतं." मी मान हलवली. तोवर रागावून झालं होतं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोलत होतो. सणाला, कोणाच्या लग्नाला. तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. उपयोग थोडाच झाला. तिचा मुलगा फौजेत, लांब ठाण्यावर, त्यामुळे घरात शैला आणि ती दोघीच. मी विचारायचो, "कशी आहेस?" ती म्हणायची, "हाय बरी." विमान हा शब्द दोघांपैकी कोणी काढत नसे. निवृत्त झालो की जाऊन महिनाभर राहायचं, माळवदावर बसायचं, आणि मी त्या दिवशी जे बोललो ते परत घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. अशी गोष्ट फोनवर बोलायची नसते असं मला वाटायचं. मी निवृत्त झालो. मग पावसाळा आला, मग गुडघ्याचं दुखणं निघालं, मग घराचं रंगकाम निघालं.

त्या सकाळी सात वाजता शैलाचा फोन आला. "मामा, आत्याबाईंचा जीव घाबरा झालाय. डॉक्टर येऊन गेले. तुमचं नाव घेत्यात. लवकर या."

कराडहून तासगावची एसटी मिळाली. खिडकीची जागा होती. बाहेर ऊस आणि ऊस. बाजूला कोणीतरी झोपलं होतं. फोन माझ्या हातात होता, पण मी केला नाही. पलीकडून काय ऐकू येईल याची भीती वाटत होती. मी डोळे मिटले तर मला नकाशा दिसायला लागला. आयुष्यभर ज्यावर पट्टी ठेवली तो. त्यावरून मी वरून चाललो होतो, खाली सागरेश्वरचा डोंगर उजव्या हाताला सरकत होता, गाडीची घरघर म्हणजे इंजिन, आणि चटया पुढे कुठंतरी होत्या. मी मनात वेळ धरत होतो. आठ मिनिटं. बारा मिनिटं. मग ब्रेक लागला, आणि आम्ही एका उसाच्या ट्रॅक्टरमागं उभे होतो. गाडी पुन्हा निघाली, मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा शून्यापासून. असं पलूसपर्यंत चार-पाच वेळा झालं असेल. एकदाही मी पोहोचलो नाही.

कवलापूरला पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आक्काला बाहेर आणून ठेवलं होतं. मी तिच्या पायांशी बसलो. फार वेळ बसलो असेन. शैला आली आणि माझ्याजवळ टेकली. तिचे डोळे सुजले होते.

"मामा, एक सांगायचंय. तुमी रागवाल."

"सांग."

"आत्याबाई सकाळपास्नं एकच इचारत हुत्या. सदा कुटवर आला? सदा कुटवर आला? तुमचा फोन न्हाई. मी करायला घेतला, तर म्हनल्या, त्याला फोन नगं करूस, त्याला आवडत न्हाई. मंग मी आपलं सांगत गेले. कराड सोडलं म्हनलं. पलूस आलं म्हनलं. तासगाव आलं म्हनलं. काय ठाव नसताना."

मी आक्काच्या पायांवरची चादर सारखी केली.

"शेवटाला त्यांचा दम लय लागला. परत इचारलं. तवा मी म्हनलं, आलं बघा मामा, फाटक उघडत्यात." शैलानं पदर तोंडाला लावला. "मी खोटं बोलले, मामा. मरतानी खोटं बोलले त्यांच्याशी."

"मग ती काय म्हणाली?"

"बरं म्हनल्या. आन् दाराकडं तोंड केलं."

त्या वेळी मी पलूसला होतो, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरकडे बघत. मी शैलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चांगलं केलंस पोरी." आक्काला हे म्हणायला मी तीन गाड्या बदलून निघालो होतो. ते तिच्या सुनेला म्हणालो.

समीना आता मोठ्या विमानांवर आहे. सर कोकणात आपल्या गावी राहतात. आक्काच्या घरी शैला असते, नवरा सुट्टीला येईपर्यंत एकटी. मी महिन्यातून दोनदा जातो. उंब्रजहून सकाळी सहाला निघालो तर साडेनऊपर्यंत पोहोचतो. कुठवर आलो ते कोणी मोजत बसू नये म्हणून निघताना शैलाला फोन करत नाही. ती चहाचं आधण ठेवते, मी पायरीवर बसतो, आणि आम्ही आक्काबद्दल बोलतो. संध्याकाळच्या गाडीनं मी परत येतो.